बारा व्होल्टच्या लाईटला घरातली मेन वायर जोडताना: एसएमपीएस, अर्थिंग आणि इन्व्हर्टर

गणपती-दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, चालायला जागा नसते, आणि तिथून परत येणाऱ्या निम्म्या लोकांच्या पिशवीत एलईडी स्ट्रिपचं एक रीळ आणि एक जाळीदार पत्र्याची डबी असतेच. त्या डबीला कोणी ट्रान्सफॉर्मर म्हणतं, कोणी ड्रायव्हर, कोणी अ‍ॅडॉप्टर, दुकानदार एसएमपीएस म्हणतो, म्हणजे घरातल्या २३० व्होल्ट एसीचे बारा व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय. घरी आल्यावर मग सुरू होतं की अहो बारा व्होल्टच तर आहे, त्याने काय होतंय, मी लावतो पाच मिनिटांत. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं असं वाटलं. बारा व्होल्ट त्या डबीच्या एका बाजूला आहेत हो, पण दुसऱ्या बाजूला महावितरणचे पूर्ण २३० व्होल्ट आहेत, आणि तुम्ही ज्या स्क्रूमध्ये वायर घालणार आहात त्यातले निम्मे त्या दुसऱ्या बाजूचे आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नवीन पॉईंट काढणं, भिंतीतून नवीन वायर ओढणं, डीबीमध्ये (घरातल्या मेन स्विचच्या बोर्डात) एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) वाढवणं ही कामं नियमाने लायसन्सधारक इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरकडूनच करून घ्यायची असतात, बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं तेवढी त्यातून सोडलेली आहेत. त्यामुळे सीलिंगमध्ये पॉईंट आधीच तयार असेल आणि तिथे फिटिंग बदलून एसएमपीएस लावायचा असेल तर खालचं सगळं तुमच्या कामाचं आहे. पॉईंटच नसेल तर वायरमन बोलवा, पण तरीही वाचा, कारण समोर उभं राहून काम करून घेताना काय बघायचं हे माहीत असलं की कामात खूप फरक पडतो. आणि मल्टिमीटर कधी हातात धरलेला नसेल तर मेनच्या बाजूला हात घालू नका, कामाला वायरमन बोलवा, त्याचे पैसे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता डबी घेताना. एलईडी स्ट्रिपला लागतो बारा किंवा चोवीस व्होल्ट डीसी. जुन्या शोकेसमध्ये, झुंबरात किंवा पीओपीमध्ये हॅलोजन लावायचे तेव्हाचे जे ट्रान्सफॉर्मर असतात ते बारा व्होल्ट एसी देतात, आणि त्यातले इलेक्ट्रॉनिकवाले तर ठराविक वॅटचा लोड असल्याशिवाय नीट चालूच होत नाहीत. पन्नास वॅटचा हॅलोजन काढून पाच वॅटचा एलईडी लावला आणि तो लुकलुकायला लागला की लोक बल्बला दोष देतात, खरं कारण तो जुना ट्रान्सफॉर्मर असतो. तो काढूनच टाका आणि एलईडीसाठीचा नवीन बसवा. नव्या डबीवर इनपुट १०० ते २४० किंवा २०० ते २४० व्होल्ट, आउटपुट बारा व्होल्ट डीसी आणि किती अँपिअर हे छापलेलं असायला हवं, बीआयएसची खूण आणि रजिस्ट्रेशन नंबर बघा, आणि आउटपुट मेनपासून आयसोलेटेड आहे ना हे विचारून घ्या. हे आयसोलेशन म्हणजेच सगळी सुरक्षितता, आतमध्ये २३० ची बाजू आणि बाराची बाजू यांचा एकमेकींशी तारेचा संबंधच नसतो. काही अगदी स्वस्त ड्रायव्हरमध्ये हे आयसोलेशन नसतंच, तिथे एलईडीच्या वायरला हात लावणं म्हणजे मेनला हात लावण्यासारखंच आहे. दोनशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

किती वॅटची घ्यायची? साधा हिशोब आहे. स्ट्रिपच्या पाकिटावर मीटरला किती वॅट ते लिहिलेलं असतं. समजा मीटरला १४.४ वॅटची पाच मीटर पट्टी आहे, म्हणजे ७२ वॅट, बारा व्होल्टला सहा अँपिअर. ७२ ला ७५ ची डबी घेतली तर ती कायम पूर्ण ताकदीने पळणार, तापणार आणि वर्षा-दीड वर्षात मान टाकणार, म्हणून साधारण ८० टक्क्यांपर्यंतच लोड ठेवायचा आणि सरळ १०० वॅटची घ्यायची. आता मजा बघा, ही १०० वॅटची डबी मेनमधून जेमतेम अर्धा-एक अँपिअर घेते, त्यामुळे सहा अँपिअरचा लायटिंगचा एमसीबी आणि दीड स्क्वेअर एमएमची कॉपर वायर तिला भरपूर झाली. पण अर्धा अँपिअर म्हणजे ५०० मिलिअँपिअर, आणि घरातली आरसीसीबी (करंटची गळती झाली की लाईट तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडायला ठेवलेली असते कारण त्याच्या वर शरीरातून जाणारा करंट जिवावर बेतू शकतो. लोड छोटा आहे म्हणून धोका छोटा असं अजिबात नाहीये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, लाईट बंद करणं. इथे घाई करू नका.

स्विच बंद केला म्हणजे पॉईंट मेला असं धरून चालायचंच नाही. जुन्या बिल्डिंगांमध्ये, पेठांमधल्या वाड्यांत तर जास्तच, वायरमनने फेजऐवजी न्यूट्रल स्विचमधून फिरवलेला सापडतो. अशा ठिकाणी स्विच बंद केला की दिवा विझतो पण पॉईंटवर फेज तसाच जिवंत बसलेला असतो. (स्विच बंद असताना एलईडी रात्री मंद मिणमिणत राहत असेल तर हे एक कारण असू शकतं, दुसरं म्हणजे इंडिकेटरवाला स्विच.) म्हणून डीबीतला त्या सर्किटचा एमसीबी पाडायचा, शक्यतो मेनच पाडायचा, आणि डीबीच्या दारावर चिकटपट्टीने कागद लावायचा की काम चालू आहे, हात लावू नये. घरात आईबाबा, मुलं, कामाच्या ताई सगळे असतात, पंखा बंद पडला की कोणीतरी सवयीने जाऊन बटण वर करणारच, म्हणून तोंडी पण सांगून ठेवा.

पुण्यात अजून एक सवय आहे. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, मेसेज येतो सकाळी नऊ ते दुपारी अमुक, आणि लोकांना वाटतं चला आता लाईट नाहीचे तर हे काम उरकून घेऊ. कृपा करून असं करू नका. लाईट ठरल्या वेळेच्या आधी येऊ शकते, मध्येच दोन मिनिटं येऊन परत जाऊ शकते, सोसायटीचा जनरेटर सुरू होऊ शकतो, आणि त्या क्षणी तुमची बोटं उघड्या तांब्यावर असतील. लाईट गेलेली असली तरी मेन पाडायचाच.

आणि इन्व्हर्टर. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडल्यावर तो काय समजतो? लाईट गेली असं समजतो आणि लगेच बॅटरीवरून २३० व्होल्ट द्यायला लागतो. हॉलचे लाईट बहुतेक घरांत इन्व्हर्टरवरच असतात, म्हणजे तुम्ही ज्या पॉईंटवर काम करताय नेमका तोच. मेन पाडून निर्धास्त झालेल्या माणसाला शॉक बसतो तो असा. इन्व्हर्टर पुढच्या बटणावरून बंद करा, आणि काही घरांत इन्व्हर्टरचं आउटपुट नुसत्या थ्री-पिन प्लगने बोर्डात घातलेलं असतं तर तो प्लगही काढा. गच्चीवर सोलर आणि त्यासोबत बॅटरी असेल तर तेही तसंच.

एवढं केल्यावर सुद्धा तपासायचं. तीस-चाळीस रुपयांचा निऑन टेस्टर फेज दाखवतो हे खरं, पण दिवसा उजेडात तो नीट दिसत नाही, लाकडी स्टुलावर रबरी चप्पल घालून उभं असलं की तो फारच मंद पेटतो, आणि आतून बिघडलेला असला तर पेटतच नाही, तुम्हाला वाटतं लाईट नाहीये. मल्टिमीटर एसी व्होल्टला ठेवा. आधी जिथे लाईट नक्की चालू आहे अशा सॉकेटवर मीटर तपासा (सगळं घर बंद केलं असेल तर मेन पाडायच्या आधीच तपासून घ्या), मग पॉईंटवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही जोड्या बघा, तिन्हीवर शून्याच्या आसपास आलं पाहिजे, आणि मग परत एकदा चालू जागेवर (सगळं घर बंद असेल तर घराबाहेरच्या) मीटर तपासा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात, पण मीटरची बॅटरी मधेच गेली असेल तर ती इथेच कळते. न्यूट्रल-अर्थ शून्य आलं तरी तेवढ्यावर विसंबू नका, कधीकधी दुसऱ्याच खोलीचा न्यूट्रल या पॉईंटला जोडलेला असतो, इथला एमसीबी पाडला तरी तिकडच्या लोडमधून त्या काळ्या वायरवर करंट असतो, आणि ती जोडातून सोडवली की सुटलेल्या टोकाला शॉक बसतो. मेनच पाडा म्हणतो ते यासाठीही.

रंगांबद्दल. आपल्याकडे घराच्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा अशी पद्धत चालत आलीये. ड्रायव्हरला कंपनीतून ज्या वायरी येतात त्यात मात्र तपकिरी म्हणजे फेज, निळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा-पिवळा म्हणजे अर्थ. थ्री-फेज कनेक्शनच्या घरात भिंतीतली निळी वायर फेज असू शकते आणि ड्रायव्हरची निळी न्यूट्रल! निळ्याला निळी जोडणं दिसायला बरोबर वाटतं, पण आहे चूक. रंगावर भरवसा न ठेवता काम सुरू करायच्या आधी, लाईट चालू असताना मीटरने फेज कुठला ते ओळखून ठेवा, आणि लाईट बंद केल्यावर त्यावर लाल टेप मारा.

आता जोडणी. जाळीदार पत्र्याच्या एसएमपीएसची टर्मिनल पट्टी जवळून बघा. डावीकडून एल, एन, अर्थची खूण, मग कॉम किंवा मायनस, मग प्लस, असे सगळे स्क्रू एका रांगेत शेजारी शेजारी असतात. बोटभर अंतरावर २३० पण आहे आणि १२ पण. यावर प्लास्टिकचं एक झाकण येतं, लोक ते वायर घालताना काढतात आणि परत लावत नाहीत. ते झाकण लावलेलंच पाहिजे, तुटलं असेल तर डबीच बदला किंवा पूर्ण बंद बॉक्समध्ये ठेवा. काही डब्यांना बाजूला एक छोटा लाल-पिवळा स्विच असतो, ११० का २२०, तो २२० वर आहे ना ते जोडायच्या आधीच बघायचं, चुकून ११० वर राहिला आणि आपली लाईट दिली तर आतला भाग फटकन उडतो.

वायर सोलताना सात-आठ मिलिमीटरच सोला, स्ट्रिपरने सोला, दाताने किंवा ब्लेडने नको, ब्लेडने तांब्याला चरा पडतो आणि वायर नेमकी तिथेच तुटते. आपल्याकडची वायर बारीक तारांची असते, त्यातली एक केसासारखी तार स्क्रूच्या बाहेर राहिली आणि शेजारच्या टर्मिनलला टेकली की शॉर्ट. म्हणून तारा नीट पिळून टोकाला छोटी लग, थिंबल क्रिंप करून घ्या, अगदी स्वस्तात मिळतात. थिंबल नाही म्हणून टोकाला सोल्डर लावू नका, सोल्डर स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, स्क्रू सैल होतो, सैल जोड तापतो, आणि आगीची सुरुवात बऱ्याचदा अशाच तापलेल्या जोडापासून होते. क्रम असा ठेवा की आधी अर्थ, मग न्यूट्रल, शेवटी फेज, आणि कधी काढायची वेळ आली तर उलटा. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघायची. निघाली तर बरं झालं, आत्ताच कळलं.

अर्थिंग टाळू नका. पत्र्याची बॉडी आहे म्हणजे अर्थ हवाच. "आमच्या पॉईंटला हिरवी वायरच आली नाहीये" हे मला सर्रास ऐकायला मिळतं, लायटिंगच्या पॉईंटला अर्थ न आणण्याची फार जुनी खोड आहे आपल्याकडे. अशा वेळी न्यूट्रललाच अर्थच्या स्क्रूला जोडून देणारे महाभाग असतात, हे जीवघेणं आहे, न्यूट्रल कुठे तुटला की पूर्ण पत्रा फेजवर येतो. एक तर वायरमनकडून अर्थ आणून घ्या, नाहीतर पूर्ण प्लास्टिक बॉडीचा, चौकोनात चौकोन अशी खूण असलेला डबल इन्सुलेटेड ड्रायव्हर घ्या, त्याला अर्थ लागत नाही. असलेला अर्थ खरंच काम करतोय का याचा अंदाज लाईट चालू असताना मीटरने घेता येतो, फेज ते अर्थ साधारण फेज-न्यूट्रलइतकंच यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. फेज-अर्थ नुसतं ऐंशी-नव्वद दाखवत असेल तर अर्थ फक्त दिसायला आहे. डीबीत आरसीसीबी आहे का तेही बघा, तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबल्यावर ती पडली पाहिजे. नसेल तर या डबीआधी ती बसवून घ्या असं मी म्हणेन.

जोड फॉल्स सीलिंगमध्ये मोकळे सोडू नका. एका फ्लॅटमध्ये कोव्हची (सीलिंगच्या कडेच्या खाचेतली) पट्टी बंद पडली म्हणून सीलिंग उघडलं तेव्हा आतला जोड मी बघितलाय, दोन वायरी पिळून त्यावर काळी टेप, उष्णतेने टेपचा डिंक वितळून ती सुटलेली, तांबं काळं पडलेलं, आणि त्याला लागूनच प्लायची पट्टी किंचित करपलेली. काम करणारा कधीच निघून गेलेला. मेनचा प्रत्येक जोड स्क्रू कनेक्टर किंवा लिव्हरवाल्या कनेक्टरमध्ये आणि तो झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्येच हवा, आत येणारी वायर क्लँप किंवा ग्लँडने धरलेली हवी म्हणजे कोणी ओढली तरी ताण स्क्रूवर येत नाही. डबीला हवा लागते, चारी बाजूंनी चार बोटं मोकळी ठेवा, थेट प्लायवर किंवा थर्माकोलवर ठेवू नका, आणि तिच्यापर्यंत हात पोचेल असं एक झाकण सीलिंगमध्ये ठेवायला सांगा. पीओपीवाला म्हणेल दिसायला वाईट दिसतं. दिसू दे. ड्रायव्हर कधीतरी जाणारच, तेव्हा सगळं सीलिंग फोडावं लागेल.

मेनची वायर आणि बारा व्होल्टची वायर एकाच पाईपातून नेऊ नका. बारावाल्या बारीक वायरचं कवच २३० साठी बनवलेलंच नसतं, ते आत कुठे घासलं की आयसोलेशनचा सगळा उपयोग गेला, आणि मग तुमच्या हाताशी असलेल्या पट्टीवर मेनचा करंट.

बाराच्या बाजूला शॉक बसत नाही पण आग लागू शकते, कारण तिथे अँपिअर जास्त आहेत. शिवाय अंतर वाढलं की व्होल्टेज पडतं. वरचीच ७२ वॅटची पट्टी डबीपासून दहा मीटरवर एक स्क्वेअर एमएमच्या वायरने नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर तांबं होतं आणि साधारण दोन व्होल्ट वाटेतच जिरतात, पट्टीला मिळतात दहा, उजेड मंद. अडीच स्क्वेअरने तेच नुकसान एक व्होल्टच्या आत येतं. हॉल मोठा असेल तर सरळ चोवीस व्होल्टची पट्टी घ्या, करंट निम्मा होतो. प्लसच्या वायरवर डबीजवळ एक छोटा फ्यूज टाका, सहा अँपिअरच्या लोडला साडेसात-आठचा चालतो, पण पुढची वायर त्या फ्यूजपेक्षा जास्त करंट पेलणारी हवी.

पहिल्यांदा चालू करताना पट्टी जोडू नका. झाकण लावा, मीटर कंटिन्युइटीवर ठेवून मेन बंद असतानाच फेज-न्यूट्रल आणि फेज-बॉडी दोन्हीकडे सलग बीप वाजत नाही ना ते बघा, मग स्टुलावरून खाली उतरा आणि एमसीबी वर करा. एमसीबी किंवा आरसीसीबी पडली तर परत परत वर करून बघू नका, ती काहीतरी सांगतेय, मेन बंद करून जोड तपासा. सगळं ठीक असेल तर आउटपुटला बारा व्होल्ट मोजा, परत बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा कारण आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मग प्लस-मायनस बघून पट्टी जोडा. डबी उघडून आत बोट घालायचं कधीच नाही, आत डीसी सव्वातीनशे व्होल्टपर्यंत असतं, प्लग काढल्यावरसुद्धा थोडा वेळ. उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर मेनच्या बाजूला लावू नका, डिमर हवा असेल तर बारा व्होल्टच्या बाजूचा पीडब्ल्यूएम डिमर घ्या.

बाल्कनीत किंवा गच्चीवर लावायचं असेल तर आयपी ६७ चा सीलबंद ड्रायव्हर घ्या आणि शक्य असेल तर डबी घरातच ठेवून फक्त बारा व्होल्ट बाहेर न्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आडवा पाऊस येतो, बाल्कनीत काही कोरडं राहत नाही. बाहेरचा जोड करावाच लागला तर तो वर तोंड करून नको, वायर आधी खाली झुकवून मग बॉक्समध्ये खालून घाला म्हणजे पाणी टोकावरून गळून जातं. गणपतीच्या मखरासाठी तात्पुरतं लावताना तर हे सगळं जास्तच पाळा, बाजूला समई आहे, कापडाची सजावट आहे, अभिषेकाचं पाणी आहे, आणि लहान मुलांचे हात सगळीकडे पोचतात. डबी मखराच्या मागे कापडात गुंडाळलेली नको, उंचावर आणि उघड्यावर ठेवा, रात्री झोपताना प्लग काढा.

घरात सगळ्यांना एवढं सांगून ठेवा की कोणाला शॉक बसताना दिसला तर त्याला हात लावायचा नाही, पळत जाऊन आधी मेन आणि इन्व्हर्टर बंद करायचा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायर बाजूला ढकलायची, आणि १०८ ला फोन करायचा. माणूस श्वास घेत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करायची, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही. शॉक बसून तो बरा वाटत असला तरी डॉक्टरला दाखवायचंच, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास नंतरही उद्भवू शकतो.

लावल्यावर पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, मेन आणि इन्व्हर्टर बंद करून परत एकदा मीटरने तपासा आणि मग डबी आणि जोडांना हात लावून बघा, कोमट चालेल, हात ठेववत नाही इतकं गरम असेल तर लोड जास्त आहे किंवा जोड सैल आहे. महिन्याभराने स्क्रू एकदा परत आवळा. आणि सीलिंगच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पर्मनंट मार्करने लिहून ठेवा की ही डबी डीबीतल्या कुठल्या एमसीबीवर आहे, इन्व्हर्टरवर आहे का नाही, किती वॅटची आहे आणि कधी बसवली. पुढच्या वेळी झाकण उघडणारा माणूस कदाचित तुमच्या घरातला नसेल.